जर्मन भोंगा ई-५७: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला की मी 'हॅलो'च्या ऐवजी 'काही नाही, चाचणी आहे' असंच म्हणतो. दक्षिण जर्मनीतल्या एका लहानशा गावात राहतो. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात आहे, आणि दलाच्या छपरावरच्या भोंग्याची विजेची बाजू बघणाऱ्या दोघांपैकी मी एक. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या मामाच्या मोटार भरायच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायच्या, दुकानात गेल्या, त्यामुळे हे काम माझ्याकडे आपसूक आलं. नवीन आलेले मराठी विद्यार्थी, त्यांचे पुण्या-नाशिकचे आईवडील आणि भोंग्यांचं वेड असलेले काही जण गेली कित्येक वर्षं तेच तेच प्रश्न विचारतात. एकदाच लिहून टाकतो.

बारा वाजता गावभर भोंगा वाजला. युद्ध सुरू झालं का हो?

नाही. बऱ्याच गावांत ठरलेल्या शनिवारी दुपारी भोंग्याची चाचणी होते. कुठे दर आठवड्याला, कुठे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, कुठे वर्षातून दोन-चारदाच. तुमच्या गावाचं वेळापत्रक नगरपालिकेच्या पानावर असतं, ते एकदा बघून ठेवा. शेजारच्या ऑस्ट्रियात शनिवारी दुपारी बाराला भोंगा वाजतो. स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी दुपारी दीड वाजता देशभर चाचणी असते. तिकडे फिरायला गेलात तर दचकू नका.

ई-५७ म्हणजे नेमकं काय?

पश्चिम जर्मनीने नागरी संरक्षणासाठी ठरवलेला भोंग्याचा प्रमाण नमुना. ५७ हा आकडा १९५७ सालचा. आराखडा एकच, पण बनवणारे कारखाने अनेक. इलेक्ट्रोर आणि सीमेन्स ही त्यातली ओळखीची नावं. शाळा, नगरपालिका, अग्निशमन दल यांच्या छपरांवर लोखंडी नळीच्या टोकाला कुत्र्याच्या छत्रीसारखं, म्हणजे अळंबीसारखं काहीतरी उभं दिसलं, तर बहुतेक तोच. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन भोंग्यांचीही ठेवण अशीच होती. बारा वर्षांपूर्वी ज्या आवाजाने लोक तळघरात पळत होते, जवळपास तोच आवाज नव्या सरकारने पुन्हा छपरांवर चढवला. गावातल्या म्हाताऱ्या आजी चाचणीच्या वेळी खिडकी का लावून घ्यायच्या, ते मला फार उशिरा कळलं.

एवढा आवाज येतो कुठून? आत स्पीकर असतो का?

स्पीकर नाही, पडदा नाही, कर्णा नाही. आत एक मोटार आहे आणि तिच्या दांड्यावर थेट बसवलेलं एक चाक. पट्टा नाही, गिअर नाही. हलणारा भाग हा एवढाच.

चाक म्हणजे एक प्रकारचा पंखा. मधून हवा आत ओढतो आणि पात्यांच्या जोरावर कडेने बाहेर फेकतो. पिठाच्या गिरणीतला किंवा लोहाराच्या भट्टीवरचा ब्लोअर पाहिला असेल, तर तत्त्व तेच. फरक असा की या चाकाच्या कडेला सलग मोकळी जागा नसते. तिथे ९ खिडक्या असतात आणि दोन खिडक्यांच्या मध्ये भरीव धातू. चाकाच्या भोवती एक स्थिर कडं असतं, त्यालाही ९ खिडक्या. दोघांमध्ये फट अगदी थोडी, कारण फट वाढली की हवा नको तिथून निसटते आणि आवाज पडतो.

आता चाक फिरवा. चाकाची खिडकी कड्याच्या खिडकीसमोर आली की हवेचा झोत सुटतो. भरीव भाग समोर आला की झोत तुटतो. दोन्हीकडे आकडा ९ असल्यामुळे नऊच्या नऊ खिडक्या एकदम उघडतात आणि एकदम मिटतात. बाहेरच्या हवेला चारी बाजूंनी एकाच वेळी धक्का बसतो, मग दुसरा, मग तिसरा. चाकाला ९ आणि कड्याला १० खिडक्या ठेवल्या असत्या, तर एक उघडताना दुसरी मिटली असती आणि धक्क्यांनी एकमेकांना मारलं असतं.

पहिल्यांदा छपरावर गेलो तेव्हा वीज बंद करून, कुलूप लावून, किल्ली खिशात घालून मी चाक हाताने फिरवून पाहिलं होतं. एका खिडकीत बोट ठेवायचं आणि मोजायचं. भरीव पट्टी बोटावरून सरकते, मग मोकळी जागा, मग पुन्हा पट्टी. एका फेऱ्यात नऊ वेळा. गावाला दचकवणारं यंत्र आतून पाहिलं तर भोकं पाडलेल्या पातेल्याइतकं साधं आहे. (बोट ठेवायचा हा उद्योग तुम्ही करू नका. दलातल्या वरिष्ठांनी मला त्याबद्दल चांगलंच ऐकवलं होतं.)

हा शोध जर्मनांचा का?

नाही. हवेचा झोत तोडून सूर काढणाऱ्या उपकरणाला 'सायरन' हे नाव दिलं फ्रान्सच्या कान्यार द ला तूर यांनी, १८१९ साली. ते पाण्याखालीही वाजायचं, म्हणून ग्रीक पुराणातल्या समुद्रकन्यांचं नाव. पुढे जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी दुहेरी सायरन बनवून स्वरांचा अभ्यास केला. म्हणजे जन्म प्रयोगशाळेतला, धोक्याशी लग्न नंतर लागलं.

भोंगा कोणत्या पट्टीत वाजतो?

हा प्रश्न एका पेटीवाल्या काकांनी विचारला होता आणि तो मला सगळ्यांत आवडतो. उत्तर: काळी चार, जरा चढी.

हिशेब सोपा आहे. युरोपची वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. दोन पोलची इंडक्शन मोटार अशा विजेवर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या मागे धावते, पण लोड असल्यामुळे थोडी मागे राहते. ई-५७ साधारण २८०० फेऱ्यांवर स्थिरावतो. २८०० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला पावणेसत्तेचाळीसच्या आत-बाहेर. गुणिले ९ खिडक्या. आले ४२०. सेकंदाला ४२० धक्के म्हणजे ४२० हर्ट्झचा सूर. पेटीवरची मधल्या सप्तकातली काळी चार ४१५ च्या आसपास असते.

म्हणजे या भोंग्याचा सूर कोणी ट्यून केलेला नाही. वीज केंद्रातली जनित्रं किती वेगाने फिरतात आणि ओतकाम करणाऱ्याने किती खिडक्या ठेवल्या, या दोन गोष्टींनी तो ठरतो. म्हणूनच शेकडो किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांतले ई-५७ जवळजवळ एकाच सुरात रडतात.

जवळजवळ म्हणतोय, तंतोतंत नाही. एक मोटार किंचित जास्त मागे राहते, एखाद्याचं बेअरिंग जरा जड असतं. आमचा आणि पलीकडच्या गावचा भोंगा एकदम वाजतो तेव्हा मधल्या शेतात उभं राहिलं की आवाज सेकंदाला दोन-तीन वेळा फुगतो आणि ओसरतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळत आल्या पण जुळल्या नाहीत की जो हेलकावा ऐकू येतो, तोच हा.

विजेची फ्रिक्वेन्सी घसरली तर भोंगा बेसूर होईल?

तत्त्वतः हो, व्यवहारात नाही. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया-कोसोव्होच्या भांडणामुळे युरोपची फ्रिक्वेन्सी काही आठवडे सरासरी ४९.९९६ हर्ट्झवर आली होती. विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी ओव्हनवरची घड्याळं जवळपास सहा मिनिटं मागे पडली. भोंग्याच्या सुरात मात्र एका हर्ट्झच्या वीसाव्या हिश्शाएवढाही फरक पडला नसेल. कोणाच्या बापाला कळणार?

मग आवाज खालीवर का होतो? सूर तर ठरलेला आहे ना?

सूर ठरलेला असतो तो पूर्ण वेगाला. मोटार चालू केली की चाक शून्यापासून वेग घेतं आणि सूर तळातून घसरत वर चढतो. वीज तोडली की चाक स्वतःच्या वजनाने फिरत राहतं, हळूहळू मंदावतं, सूर खाली येतो. पूर्ण उतरायच्या आत पुन्हा वीज द्या, तो पुन्हा चढतो. रडता सूर काढण्यासाठी भोंग्यात वेगळं काहीच नाही. खाली विजेच्या पेटीतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीचा विजेने ओढला जाणारा स्विच, ठरलेल्या अंतराने चालू-बंद होतो, बस. गवय्याच्या भाषेत ही मींड आहे आणि ती चाकाच्या जडपणातून येते.

याची किंमत मोटार भरते. जो कोणी शेतातल्या पंपाचा स्टार्टर सारखा दाबत बसला आहे, त्याला माहीत असेल: चालू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. ई-५७ ची मोटार ५ किलोवॅटची, थ्री फेज. चालू लागल्यावर दहा-अकरा अँपिअरवर समाधानी असते, पण प्रत्येक झटक्याला त्याच्या अनेक पट मागते. म्हणून सलग सुरापेक्षा रडता सूर वाइंडिंगला, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीला, जास्त तापवतो. इशारा एक मिनिटाचाच असतो हे त्यामुळे बरंच आहे.

कोणत्या आवाजाचा काय अर्थ?

राज्याराज्यांत थोडा फरक आहे, पण बहुतेक ठिकाणी असं:

एक मिनिट खालीवर होणारा रडता सूर म्हणजे धोका. घरात जा, खिडक्या लावा, रेडिओ लावा.

एक मिनिट सलग सूर म्हणजे धोका टळला.

सलग सूर, पण दोनदा तुटलेला म्हणजे आग. हा आमच्यासाठी, दलातल्या लोकांसाठी. १२ सेकंद आवाज, १२ सेकंद खंड, असे तीन आवाज, मिळून बरोबर एक मिनिट. हा ऐकून तुम्ही काही करायचं नाही, फक्त रस्ता मोकळा ठेवायचा. रात्री दोन वाजता चपला उलट्या घालून पळणारा माणूस दिसला तर तो मी.

ब्रिटिश सिनेमात ऐकू येणारा भोंगा वेगळा का वाटतो?

कारण तो एकटा गात नाही. महायुद्धातल्या नेहमीच्या ब्रिटिश भोंग्यात मोटारीच्या दोन टोकांना दोन चाकं असत, एकाला १० खिडक्या आणि दुसऱ्याला १२. वेग एकच, त्यामुळे दोन सुरांचं प्रमाण कायम १० ला १२, म्हणजे ५ ला ६. आपल्या भाषेत सा आणि कोमल गंधार एकत्र. तो उदासपणा तिथून येतो. जर्मन भोंगा एकसुरी आहे. माझ्या कानाला तो जास्त कोरडा आणि सरकारी वाटतो, पण हे मत माझं.

वरची ती छत्री आवाज परतवण्यासाठी आहे का?

पाऊस, बर्फ आणि कबुतरं यांच्यासाठी आहे. मोटारीचा दांडा उभा असल्यामुळे खिडक्या आडव्या रिंगणात येतात आणि आवाज चारी दिशांना सारखा जातो. भोंगा वळवायला लागत नाही. वरचा भाग उघडा ठेवला असता तर पहिल्याच हिवाळ्यात चाकात बर्फ साचलं असतं.

किती लांब ऐकू येतो?

वारा, इमारती, चढउतार यांवर अवलंबून. पण एक नियम हाताशी ठेवा: अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल जातात. समजा ३० मीटरवर १०० डेसिबल आहे. ६० मीटरवर ९४, १२० वर ८८, २४० वर ८२, ४८० वर ७६, आणि किलोमीटरभर अंतरावर ७०. मोकळ्या अंगणात ७० भरपूर झाले. पण इथली घरं बघा. हिवाळ्याच्या भीतीने तीन काचांच्या खिडक्या, भिंतींना जाड थर. १९५७ साली एकेरी काच होती, तेव्हा जो भोंगा झोपलेल्याला उठवायचा, तो आज टीव्ही बघणाऱ्यालाही कळत नाही. भोंगा तोच आहे, घरं बहिरी झाली.

आणि चारशेच्या आसपासचा सूरच का? फार बारीक आवाज हवेत लवकर विरतो आणि भिंतीआड पोचत नाही. फार जाड आवाज रहदारीच्या घरघरीत मिसळतो, शिवाय तो काढायला यंत्रही मोठं लागतं. ४२० हर्ट्झची लहर पाऊण मीटरहून थोडी लांब असते. कोपऱ्यावरून वळायला आणि गल्लीत शिरायला ठीक.

५ किलोवॅटची मोटार म्हणजे ५ किलोवॅटचा आवाज?

छे! वरचाच आकडा घ्या. ३० मीटरवर १०० डेसिबल, आणि आवाज अर्ध्या गोलात पसरतो असं धरा. त्या अर्धगोलाचं क्षेत्रफळ सुमारे ५६५० चौरस मीटर. दर चौरस मीटरला एक शतांश वॅट. गुणाकार करा, ५६-५७ वॅट येतात. म्हणजे मोटारीच्या ताकदीचा टक्काभर भाग आवाज झाला. बाकीची नुसती हवा ढकलण्यात आणि गरम करण्यात गेली. आपल्या घरातल्या मिक्सरला ताकदीच्या मानाने आवाज करण्यात कोण हरवतो, हा वेगळा विषय.

तरी ५७ वॅट थोडे समजू नका. माणूस घसा फोडून ओरडला तरी त्याच्या आवाजात एका वॅटचा लहानसा तुकडाच असतो. भोंगा वाजण्याची शक्यता असताना त्याच्याजवळ कान उघडे ठेवून थांबायचं नाही.

वीज गेली तर?

भोंगा मुका. ई-५७ ची खरी लंगडी बाजू हीच. त्याचा साधेपणा आणि त्याचा दोष एकाच वायरीत आहे: सूर, ताकद, वेग सगळं थ्री फेज वीज देते, म्हणून ती गेली की हातात काही उरत नाही. ५ किलोवॅटच्या मोटारीला झटका द्यायचा तर छोट्या बॅटरीचं ते काम नाही.

हे काल-परवा कळलेलं नाही. शीतयुद्धाच्या काळात शहरांसाठी दुसऱ्या जातीचे मोठे भोंगे उभारले, ते दाबलेल्या हवेवर चालत. उंच खांबावर कर्णे, खाली टाकीत हवेचा साठा, ती भरायला स्वतःच्या इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर. झोत तोडायचं तत्त्व तेच, फक्त हवा चाकाने फेकायची नाही, टाकीतून सोडायची. बाहेरची वीज गेली तरी तो बोलायचा. पण महाग, अवजड, देखभाल जास्त. छपरांवर संख्या राहिली ती ई-५७ चीच.

१४ जुलै २०२१ च्या रात्री आर नदीच्या खोऱ्यात पूर आला. जर्मनीत त्या पुरांत १८० हून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक त्या एका खोऱ्यातली. खोऱ्यात वीज गेली, मोबाइलचं जाळं पडलं. अशा वेळी छपरावरचा मोटारीचा भोंगा पाणी येण्याच्या आधी वाजला तर वाजला. नंतर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

भोंगे वाजवायचं बटण कोणाकडे असायचं?

पश्चिम जर्मनीत १० इशारा केंद्रं होती, बहुतेक जमिनीखालच्या बंकरमध्ये. तिथून टेलिफोनच्या तारांवरून संकेत जायचा आणि गावोगावचे कॉन्टॅक्टर ओढले जायचे. आग लागली की तोच भोंगा स्थानिक दल वाजवू शके. नंतर रेडिओ संदेश आले. आमच्या पेटीत अजून एका कोपऱ्यात जुन्या टेलिफोन जोडणीची रिकामी पट्टी आहे. कोणी काढत नाही, कारण ती कोणाच्या खात्यात येते हेच कोणाला ठाऊक नाही. सरकारी वस्तूंचं सगळीकडे सारखंच.

मग मध्ये भोंगे काढून का टाकले?

बर्लिनची भिंत पडली, शत्रू संपला, असं वाटलं. पश्चिमेत सुमारे ८०,००० भोंगे होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारने ते जाळं सोडून दिलं आणि गावांना सांगितलं, हवे असतील तर ठेवा, खर्च तुमचा. ज्यांच्याकडे अग्निशमन दलाला हाक मारायला दुसरं साधन नव्हतं त्यांनी ठेवले. म्हणून खेड्यात भोंगा आहे आणि पाच लाखांच्या शहरात नाही, असं उलटं चित्र दिसतं.

मग १० सप्टेंबर २०२० ला देशभर इशारा दिवस ठरला. अकरा वाजता सगळं एकदम वाजायचं होतं. फोनवरचा संदेश अर्ध्या तासाने आला, कारण अनेक कार्यालयांनी एकाच वेळी आपापला संदेश सोडला आणि यंत्रणा गुदमरली. अनेक शहरांत लोक खिडकीत उभे राहिले, पण वाजायला भोंगाच नव्हता. नागरी संरक्षण खात्याच्या प्रमुखांचं पद त्यात गेलं. पुढच्याच वर्षी पूर आला. याच सुमारास केंद्राने भोंग्यांसाठी जवळपास ९ कोटी युरो काढले. तीस वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या वस्तूची पुन्हा खरेदी. आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटू नये.

आता इशारा दिवस सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी असतो. अकराला रडता सूर, पावणेबाराला सलग सूर. २३ फेब्रुवारी २०२३ पासून मोबाइलवर थेट येणारा इशाराही चालू आहे, त्याला ॲप लागत नाही.

बिघडतं काय?

चाक आणि कडं सहसा नाही. बिघडतं ते भोवतालचं. बेअरिंगमधलं ग्रीस वाळतं, टर्मिनलच्या पेटीत ओल शिरते, गांधीलमाशा मोक्याची जागा शोधतात.

आमच्याकडचा किस्सा. एका शनिवारी भोंगा चढलाच नाही. वरून नुसता 'हूंऽऽ' असा जाड गुंजारव आला आणि संरक्षक स्विच पडला. गावातल्या एका गृहस्थांनी लगेच निकाल दिला की मोटार जळली, नवा भोंगा मागवा. मला तो आवाज ओळखीचा होता. मामाच्या दुकानात शेतकरी ज्या तक्रारी घेऊन यायचे त्यातली निम्मी हीच असायची: एक फेज गेला. दोन फेजवर मोटार उठत नाही, जागेवर गुरगुरते आणि तापते. मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला, वाइंडिंग ठणठणीत. कॉन्टॅक्टर उघडला तर वीज जोडणाऱ्या तीन टिकल्यांपैकी एक काळी पडून कुरतडलेली, मध्यभागी खड्डा. वर्षानुवर्षं रडत्या सुराचे झटके तिने खाल्ले होते. नव्या भोंग्याच्या पैशांत असे कॉन्टॅक्टर पोत्याने आले असते.

दोन फेज उलटे जोडले गेले तर भोंगा आत हवा ओढेल का?

नाही. चाक उलटं फिरेल, पण हवा कडेकडेच फेकली जाईल. खिडक्या ९ च, म्हणून सूरही तोच. पाती तिरकी असतील तर जोर कमी पडतो, एवढंच. म्हणूनच ही चूक फसवी. वाजतोय म्हणून कोणी बघत नाही. जोडणी केल्यावर चाक कोणत्या बाजूला फिरतं ते डोळ्यांनी बघा.

खिडक्यांत कचरा अडकला तर मोटारीवर ताण येतो ना?

उलट. वाट बंद झाली की ढकलायला हवा उरत नाही, मोटार हलकी होते आणि करंट कमी दाखवते. ब्लोअरचं तोंड हाताने झाकलं की तो जोरात किंचाळतो ना, तसं. अँपमीटर समाधानी आणि गावात आवाज नाही, असं झालं तर खिडक्या बघा.

इलेक्ट्रॉनिक भोंगा घेतलेला बरा का?

गावाचा पैसा असेल तर हो. बॅटरीवर चालतो, सूर हवा तसा देतो, 'पाणी उकळून प्या' असं बोलूनही सांगतो. माझा जीव ई-५७ वर आहे, पण पूर येणाऱ्या नदीकाठी मी त्याची शिफारस करणार नाही. मात्र बॅटऱ्या ठरल्या वर्षांनी बदलाव्या लागतात आणि दर वर्षी अंदाजपत्रकात त्या कोणाला तरी आठवाव्या लागतात. साठ वर्षांचा ई-५७ ग्रीसवर चालतो.

महाराष्ट्रात असे भोंगे आहेत का?

जातभाई आहेत. गिरण्यांचे भोंगे, नगरपालिकांचे भोंगे, धरणातून पाणी सोडण्याआधी वाजणारे भोंगे. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावात मुंबईत सायरन वाजले. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने तर संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची प्रथा पाडली. हे मी इथल्या दलात सांगितलं तेव्हा एका सहकाऱ्याने गंभीरपणे विचारलं, त्यासाठी रडता सूर वापरतात की सलग?

जुना ई-५७ विकत घेऊन घरी लावू का?

जुने मिळतात, हौशी लोक घेतातही. घरात थ्री फेज जोडणी लागेल आणि सहनशील शेजारी. गंमत म्हणून धोक्याचा इशारा वाजवणं जर्मनीत गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. तळघरात सजवून ठेवा.

मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी छोटा भोंगा करायचाय. जमेल?

आरामात. जाड पुठ्ठ्याची गोल चकती कापा, कडेजवळ सारख्या अंतरावर ९ भोकं पाडा, खेळण्यातल्या मोटारीच्या दांड्यावर नीट मध्यभागी बसवा. मोटार सेलवर चालवा आणि फिरत्या भोकांच्या रिंगणावर स्ट्रॉने फुंकर मारा. चकती मिनिटाला १५०० फेऱ्या मारत असेल तर २२५ हर्ट्झचा सूर येईल. सेल काढला की तो घसरत खाली येतो, अगदी आमच्या छपरावरच्यासारखा. मग एक भोक चिकटपट्टीने बुजवून पुन्हा फुंकायला सांगा. सूर तोच राहतो, पण त्याच्या खाली एक घुरघुर सुरू होते, सेकंदाला २५ वेळा. प्रत्येक फेऱ्यातली ती एक चुकलेली खिडकी तिला कानाने मोजता येईल.